वर्गातले हसू

आमच्या आत्मकथनांतून शाळेचे दोन आवाज ऐकू येतात. एक छडीचा आणि दुसरा हशाचा. छडीबद्दल पुष्कळ लिहून झाले. दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आले, पाठोपाठ 1980 साली लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' आले, आणि एकाच छपराखाली दोन शाळा भरत असतात ही गोष्ट मराठी वाचकाला नाइलाजाने का होईना मान्य करावी लागली. हशाकडे मात्र समीक्षकांचे लक्ष फारसे गेले नाही. हजेरी घेताना मास्तरांनी एखाद्या आडनावाचा उच्चार जरा लांबवावा आणि वर्गाने हसावे. ठिगळावर, 'न' आणि 'ण'च्या घोळावर, बापाच्या धंद्यावर मास्तरांनी कोटी करावी आणि वर्गाने हसावे. छडीचा वळ चार दिवसांत उतरतो. तो हशा एम. ए.च्या तोंडी परीक्षेपर्यंत पाठोपाठ येतो.

अलीकडे शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांतून आम्हाला मोठ्या आग्रहाने सांगण्यात येते की, शिक्षक उत्साही असावा, विनोदी असावा, म्हणजे विद्यार्थी वर्गात रमतात. हे खोटे आहे असे कोण म्हणेल? कंटाळलेल्या मास्तराने कोणाचेही भले केलेले नाही. परंतु हे सांगणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. विनोद कोणाच्या जिवावर? मराठी मध्यमवर्गाने आपल्या हसऱ्या शाळेचे चित्र 'व्यक्ती आणि वल्ली'तल्या चितळे मास्तरांत 1962 पासून जपून ठेवले आहे. ते मास्तर आम्हालाही आवडतात, त्यांच्या निरलस जीवनापुढे आम्हीही नम्र होतो. पण त्या वर्गात आमची जागा कोणत्या बाकावर होती, हे शोधू लागलो की आमचे हसू जरा थबकते. ज्या वर्गाच्या कडेला साताऱ्यात एक मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर बसत होता, त्या वर्गातही मास्तर विनोद करीतच असतील.

म्हणून वर्गातल्या हास्याचा इतिहास स्वतंत्रपणे मांडला पाहिजे असे मला वाटते. येथे त्याचे काही धागे जमवीत आहे. मी कर्जत-खालापूर भागातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वडील रेल्वेत गँगमन होते, आणि घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावाने आला. समोर बसणारी मुले बहुतेक याच जातकुळीची. कोणी खोपोलीच्या लोकलने लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी अशी स्टेशने घेत येतो, कोणी नेरळच्या बाजूने. कोणी ठाकरवाडीवरून तासभर चालून रस्त्याला लागतो आणि मिळेल त्या टमटमला लोंबकळत येतो. बौद्ध, ठाकर, कातकरी, आगरी, कुणबी. यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत पुस्तक विकत आणण्याची ही पहिलीच पिढी आहे. अशा वर्गात पहिल्या महिन्यात जे हसू उमटते, त्यावरून वर्षअखेरीला किती मुले टिकणार याचा अदमास मला येतो.

प्रथम आमच्याच तालुक्यातला एक पुरावा सांगतो. कर्जतपासून जवळ, कोंदिवडे गावाच्या वर, राजमाचीच्या पायथ्याच्या रानात कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या आसपासची. तेथे चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ, एका भग्न मूर्तीपाशी, ब्राह्मी लिपीत एक लहानशी ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा की, कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा, शिष्य. दगड फोडून देऊळ उभे करणाऱ्याने आपली ओळख काय सांगावी? राजाचे नाव सांगितले नाही, जात सांगितली नाही. गुरूचे नाव सांगितले. दोन हजार वर्षांपूर्वी कर्जतच्या डोंगरात शिकवणे आणि शिकणे चालले होते, आणि ते हाताच्या कामातून चालले होते, याचा हा लेखी दाखला. आमच्या मुलांना 'तुमच्या सात पिढ्यांत कोणी शिकले होते का' असे ऐकवणाऱ्यांना मी या ओळीपाशी आणून उभे करीन.

त्याच काळाच्या आगेमागे उत्तरेत राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद झाल्याची परंपरा आहे. 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ आपल्याकडे तत्त्वज्ञानाचा म्हणून वाचतात. मला तो अध्यापनाचा ग्रंथ वाटतो. राजाने चर्चा करू म्हटल्यावर नागसेन अट घालतात की, पंडितासारखी चर्चा करणार असाल तर करू, राजासारखी करणार असाल तर नाही. कारण पंडित हरला तरी रागवत नाही आणि राजाला विरोध केला की तो दंड करतो. शिक्षेचे भय बाहेर ठेवल्याशिवाय शिकणे सुरूच होत नाही, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी सांगितले आहे. पुढे नागसेन राजाची गंमत करतात. पायी आलात की रथातून? रथातून. मग रथ म्हणजे काय? आस? चाके? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो, आणि शेवटी रथच नाहीसा होतो! ही थट्टा राजाची आहे, आणि राजा ती सोसतो, किंबहुना तीमुळेच शिकतो. थट्टेचा ओघ खालून वर जातो. तेव्हाच्या औरंगाबादेत 1950 साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे बाबासाहेबांनी याच प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले, ही गोष्ट योगायोगाची नव्हे.

हा ओघ उलटा कधी झाला? पंतोजीच्या शाळेने तो उलटा केला, आणि इंग्रजी अमदानीत सरकारी खाते आले तरी पंतोजी गेला नाही, फक्त पगारी झाला. जोतीरावांनी 1869 साली शिक्षणखात्यातल्या ब्राह्मण पंतोजीवर पवाडा रचला. आपल्या जातीच्या मुलांना मायेने शिकवणारा आणि शूद्रांच्या मुलांना मारून, हिणवून, कंटाळवून शाळेबाहेर घालवणारा पंतोजी त्यांनी त्यात उभा केला. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने या पवाड्याहूनही मोलाची आहे ती त्यांची आधीची रचना, 'तृतीय रत्न' हे नाटक.

हे नाटक 1855 सालचे. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, आणि तेथल्या भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे त्यांनी स्वतःच 'गुलामगिरी'त नमूद केले आहे. छापून यायला त्याला 1979 साल उजाडावे लागले, म्हणजे सव्वाशे वर्षे! मराठी नाटकाच्या इतिहासात त्याची जागा कोणती यावर वाद झाले. ते वाद रंगभूमीवाल्यांनी करावेत. माझ्या मते ते नाटक नसून एक धडा आहे. कथा साधी. एका गरोदर कुणबी बाईला जोशी गाठतो, पोटातल्या मुलावर ग्रहांची पीडा सांगतो, आणि शांतीच्या नावाखाली त्या नवरा-बायकोला कर्जात उतरवतो. ही फसवणूक चाललेली असताना बाजूला एक विदूषक उभा असतो आणि प्रत्येक पावलाला टिप्पणी करतो.

या विदूषकाकडे नीट पाहावे. संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण, बोलतो प्राकृत, राजाचा मित्र, खादाड. त्याच्यावर हसायचे असते आणि राजाला आराम द्यायचा असतो. जोतीरावांनी हेच पात्र उचलले आणि त्याचे तोंड फिरवले. आता तो राजासाठी हसवीत नाही. जोशी काय करतो आहे, कसे करतो आहे, कोणत्या शब्दाने भय घालतो आणि कोणत्या शब्दाने शिधा काढतो, हे तो प्रेक्षकाला हसत हसत उकलून दाखवतो. कुणबी जोडप्यावर तो हसत नाही, त्यांच्या अज्ञानाचे कारण सांगतो. फसणाऱ्याला हसणे आणि फसवण्याच्या रीतीला हसणे यांतला हा फरक ज्या शिक्षकाला कळला, त्याला अध्यापन कळले असे मी म्हणेन. आणि नाटकाचा शेवट? देव प्रसन्न होत नाही, जोशाला शिक्षा होत नाही. नवरा-बायको शाळेत जायचे ठरवतात, जोतीरावांनी चालवलेल्या रात्रीच्या शाळेत. कष्टकऱ्यांसाठीची ती शाळा त्याच साली, 1855 मध्ये, प्रत्यक्ष सुरू झाली होती. म्हणजे हसू प्रेक्षकाला थेट शाळेच्या दारापर्यंत पोचवते. इतकी उघड आणि इतकी उपयोगी कला आमच्या समीक्षेला प्रचारकी वाटते, तो भाग वेगळा.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या वर्गात मुलांना कोणत्या तऱ्हेचे बोलणे ऐकायला मिळत असेल, याचा आणखी एक पुरावा आहे. मुक्ता साळवे ही त्यांच्या शाळेतली मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तिचा निबंध 1855 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदया'त दोन भागांत आला. आम्ही तो निबंध दुःखाचा म्हणून वाचतो, आणि दुःख त्यात आहेच. पण त्यातला उपरोध ऐकला आहे का? वेद ब्राह्मणांचे, ते आम्ही पाहायचेही नाहीत, तर मग आम्ही धर्मपुस्तकावाचूनच आहोत हे उघड झाले. तेव्हा देवा, आमचा धर्म तरी कोणता तो सांग. चौदा वर्षांच्या मुलीने शास्त्र्यांचेच म्हणणे हाती धरून त्यांनाच कोड्यात टाकले आहे. छडीखाली बसलेल्या मुलाला उपरोध सुचत नाही. ज्या वर्गात उलट विचारता येते, तेथेच तो पिकतो.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. 1920 साली वाटेगावात जन्मलेले अण्णा भाऊ साठे शाळेत किती दिवस होते, हे महाराष्ट्रातला शाळकरी मुलगाही सांगेल. दीड दिवस. मास्तरांच्या माराने ती शाळा दीड दिवसात संपली. छडी आणि विद्या यांचे यमक जुळवणारी म्हण मराठीत मोठ्या कौतुकाने सांगतात, त्या म्हणीचा हा हिशेब. पुढे हाच माणूस मुंबईच्या कामगार वस्तीत आला. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले, आणि वगनाट्यांतून त्याने हजारो गिरणी कामगारांना सावकारी, साठेबाजी, मालक-मजूर संबंध हसवून हसवून शिकवले. शाळेला जो विद्यार्थी दीड दिवस सांभाळता आला नाही, त्याने रात्ररात्र श्रोते बसवून ठेवले. अण्णा भाऊंचे मोठेपण सांगताना आपण हे वाक्य अभिमानाने म्हणतो. शाळेच्या बाजूने ते म्हणून पाहा.

जलशांचा इतिहास मी याच दृष्टीने पाहतो. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातली गणपतीची, गवळणीची सजावट बदलून तेथे विचार बसवला. 1930 नंतर आंबेडकरी जलशांनी तो साचा आणखी धारदार केला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आपल्या जलशांचे स्वरूप आणि कार्य 1978 साली पुस्तकरूपाने मांडून ठेवले, हे त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. बाबासाहेब जलशाचे मोल आपल्या भाषणांहूनही अधिक मानीत, ही आठवण चळवळीत सर्वांना पाठ आहे. पण ते का मानीत? माझ्या आजीने लहानपणी गॅसबत्तीच्या उजेडात पाहिलेला जलसा ती मला सांगत असे. तीत एक शिकलेला तरुण असे आणि एक अडाणी सोंगाड्या. तरुण सांगे, मेलेले ढोर ओढू नका, पोरांना शाळेत घाला. सोंगाड्या विचारी, "शाळंत घातलं तर शेरडं कोन राखील? तुजा बा?" समोर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात हाच प्रश्न असे आणि तो विचारायची लाज वाटत असे. सोंगाड्या सगळ्यांच्या वतीने तो विचारी, लोक हसत, आणि हसता हसता उत्तर ऐकायला तयार होत. वर्गातला सर्वांत मंद विद्यार्थी म्हणून स्वतः उभे राहणे, ही सोंगाड्याची युक्ती. बी. एड.च्या कोणत्याही पुस्तकात मला ती इतकी सोपी करून सांगितलेली आढळली नाही. मी वर्गात पुष्कळदा तिचाच आधार घेतो. 'सार्वभौमत्व' हा शब्द फळ्यावर लिहितो आणि आपल्याच आजीच्या आवाजात विचारतो, "ह्ये काय खायाचं का ल्यायाचं?" मुले हसतात, आणि मग तो शब्द त्यांना भीत नाही असे वाटू लागते.

याचा अर्थ विनोद केला की शिकवणे झाले, असा नव्हे. उत्साह म्हणजे आवाज चढवणे आणि हातवारे करणे, हाही एक गैरसमज आहे. बाबासाहेब 1918 ते 1920 या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, पगार 450 रुपये. हा काय शिकवणार, अशा नजरेने मुले प्रथम त्यांच्याकडे पाहत. पुढे त्यांच्या व्याख्यानाला दुसऱ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी येऊन बसू लागले. त्याच इमारतीत काही सहकारी प्राध्यापक त्यांच्या पाणी पिण्याला हरकत घेत होते. पाण्याच्या भांड्यापाशी अस्पृश्य आणि फळ्यापाशी ज्ञाता, असा हा दिवस असे. तेथे त्यांना कोटीबाजी तारू शकली नसती. तारले ते तयारीने. प्रत्येक तासामागे तासन् तासांचे वाचन होते, आणि विषयाची गोडी जिवंत असल्याशिवाय इतके वाचन होत नाही. माझ्या मते हाच उत्साह. तो चेहऱ्यावर दिसेलच असे नाही, पण शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाला तो बरोबर कळतो. हा माणूस आपल्यासाठी तयारी करून आला आहे, ही गोष्ट ज्याच्यासाठी आजवर कोणी काही तयार ठेवले नाही त्याच्या लगेच ध्यानात येते.

आता कर्जतचा वर्ग. बोर घाटातल्या रेल्वेचा धडा मला दरवर्षी शिकवायचा असतो. गाइडात चार ओळी आहेत. काम 1856 ते 1863, मुख्य अभियंता जेम्स बर्कले, बोगदे, पूल, व्यापाराला चालना. पहिल्या वर्षी मी हे सांगत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्या बर्कलेनं घमेली किती उचलली?" वर्ग खदखदून हसला. त्या हशात माझा सगळा धडा होता. मी फळ्यावर आकडा लिहिला. 1861 च्या सुमारास या घाटात एका वेळी 42 हजारांवर माणसे काम करीत होती. पटकी, ताप, सुरुंग, दरडी यांनी किती माणसे गेली याची नावानिशी नोंद कोणी ठेवली नाही. मग मुलांना म्हटले, तुमच्या घरातली जुनी माणसे घाटाबद्दल काय सांगतात ते विचारून या. पुढच्या आठवड्यात जे आले ते गाइडात मावणारे नव्हते. कोणत्या बोगद्यात कोणते भूत आहे, कोणत्या पुलाला कोणाचा बळी दिला असे म्हणतात, कोणाच्या पणजोबाला वाघाने नेले. भुतांच्या गोष्टींवर पुष्कळ हसणे झाले. नंतर एका मुलीने विचारले, "सर, भुतं सगली मजुरांचीच कशी? साहेबाचं एक पन भूत नाय?" यावर मी जे बोललो त्याहून तिचा प्रश्न चांगला होता.

याच घाटात 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. मुंबईहून रेल्वेने हाकेच्या अंतरावर, 1857 चा धुरळा खाली बसतो न बसतो तोच, कामकऱ्यांनी पगारासाठी उठाव केला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या चार ओळींत येत नाही. मी ती रंगात येऊन सांगत होतो. कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम, आणि तळाला मजूर, पैसे वरून निघतात आणि खाली पोचत नाहीत, अशी उतरंड फळ्यावर काढली. तेव्हा तोच मागचा बाक म्हणाला, "आनि सर, तुमचं मानधन कंदीपासून थकलंय?"

येथे खुलासा केला पाहिजे. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास, तितके पैसे. सुट्टी लागली, परीक्षा आली, पाऊस पडून लोकल बंद झाली की तास नाही आणि पैसाही नाही. झालेल्या तासांचे पैसेही महिन्यामहिन्याला मिळत नाहीत. ही गोष्ट मुलांना मी सांगितलेली नव्हती. गावात अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. वर्ग हसला, मीही हसलो, आणि फळ्यावरच्या उतरंडीत कोणीतरी येऊन तळाच्या मजुराशेजारी 'सर' असे लिहिले. नागसेनाची अट त्या दिवशी माझ्या वर्गात पाळली गेली असे मी समजतो.

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. माझ्या विद्यार्थ्यांनी आपसांत मला तेच नाव ठेवले आहे, असे कळते. लोणावळ्याला गाडी पोचली की बँकर सुटतो आणि परत खाली येतो, त्याला तिकीट काढून पुढे जायची सोय नाही, हेही त्यात आले.

याच तालुक्याचा एक शिक्षक-कार्यकर्ता आम्ही निम्माच लक्षात ठेवला आहे. माथेरानच्या नाभिक कुटुंबात 1912 साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल, वकील झाले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडणारे भाई सर्वांना ठाऊक आहेत, दर जानेवारीत ज्योत निघते. पण त्याआधी या भागातल्या शेतकऱ्या-आदिवासींच्या पोरांसाठी त्यांनी स्वयंसेवी शाळा काढल्या होत्या, त्यांची ज्योत निघत नाही. बंदुकीचा आवाज इतिहासाला ऐकू येतो आणि पाटीवरच्या पेन्सिलीचा येत नाही, ही इतिहासलेखनाची जुनी खोड आहे.

विनोदाला मर्यादा आहे, हे खालापूर तालुक्यात वेगळे सांगावे लागत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वस्ती. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे बेपत्ता राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, मदतीची माणसे चिखलातून पायी चढून गेली. त्या आठवड्यात ठाकरवाड्यांवरची मुले वर्गात आली तेव्हा मी धडा काढला नाही. ती बोलली आणि आम्ही ऐकले. एक मुलगी एवढेच म्हणाली, "आता सायबांना वाट गावली." कोणी हसले नाही. पण मुक्ता साळवेच्या निबंधातला स्वर मी त्या दिवशी प्रत्यक्ष ऐकला.

आणि आता ज्यांना उत्साही शिक्षक हवे आहेत त्यांच्यासाठी. जोतीरावांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळांतले शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातले असावेत, नांगर किंवा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये, खालच्या थरांतल्या लोकांत त्यांनी मोकळेपणाने मिसळावे, असे त्यांनी त्यात मागितले. हा भाग आपण भाषणांतून वापरतो. त्याच निवेदनात पगाराचाही आकडा आहे, तो वापरत नाही. शिक्षकाचा पगार 12 रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी 15 किंवा 20 असावा. मुलांत मिसळणारा, हसवणारा, जीव लावणारा शिक्षक हवा, असे म्हणताना त्या शिक्षकाच्या चुलीचा हिशेब जोतीरावांनी त्याच दमात मांडला होता. आजची व्यवस्था पहिली मागणी प्रशिक्षण वर्गात ठेवते आणि दुसरी फाइलीत. उत्साह फुकट मिळतो अशी तिची समजूत आहे, आणि आमच्यासारखे पहिल्या पिढीचे शिक्षक ती समजूत खरी करून दाखवीत आले आहेत, कारण समोर बसलेली पोरे परकी नाहीत.

विद्यार्थ्यांचेही तेच. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीचा मुकादम उचल देतो, आणि त्या उचलीपुढे माझा कोणताही विनोद टिकत नाही. हजेरीपटावर तीन नावे अशी आहेत की, जी ऑक्टोबरपर्यंत पहिल्या बाकावर असतात आणि नोव्हेंबरात गळतात. त्यांतला एक मुलगा भट्टीवरून फोन करून विचारतो, "सर, घाट झाला का शिकवून?" मी सांगतो, अजून नाही, ठेवलाय.

या वर्षी वर्ग भट्ट्या पेटण्याच्या आत कोंडाण्याला न्यायचा आहे. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत टमटम, पुढे चढ पायी. माणशी भाडे किती होते ते मुलांनी काढले आहे, आणि ज्यांना जमणार नाही त्यांच्या वाट्याचे कोणी भरायचे यावर सध्या मागच्या बाकावर वाटाघाटी चालू आहेत. त्यात माझे नाव सर्वांत वर लिहिले आहे असे ऐकतो.